घरातील प्रवाळ मत्स्यालय : आधी पाण्याची वाट, मग मासे

बैठकीच्या खोलीत निळसर प्रकाशात डुलणारे मऊ प्रवाळ आणि त्यांच्या आडोशाने फिरणारे नारिंगी विदूषक मासे कोणालाही मोहवतात. मात्र या देखाव्याचे यश काचेच्या पेटीपेक्षा तिच्या खालच्या कपाटात दडलेल्या पाइपांवर अवलंबून असते. मत्स्यालय एका टाकीचे नसून तीन-चार टाक्यांचे असेल तर हे अधिकच खरे ठरते. नळजोडणीत झालेली चूक एक तर माशांच्या जिवावर बेतते, नाही तर खालच्या मजल्यावरील शेजाऱ्याच्या छतावर उमटते. फ्लॅट संस्कृतीत ही दुसरी शक्यताही किरकोळ नव्हे. म्हणूनच पहिला पाइप कापण्यापूर्वी कागद, पेन्सिल आणि थोडे गणित यांना वेळ देणे शहाणपणाचे असते.

एकाऐवजी अनेक टाक्या का?

सागरी जीव घरात जगवण्याचा छंद तुलनेने अलीकडचा आहे. जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे यांच्या साहाय्याने प्रवाळ जगवण्याची पद्धत जगापुढे मांडली. १९८६ मध्ये जॉर्ज स्मिट यांच्या लेखांमुळे अमेरिकेत घरगुती ‘मिनी रीफ’ची लाट आली आणि मुख्य टाकीखाली दुसरी टाकी ठेवून तेथे पाणी शुद्ध करण्याची रीत रुजली. या खालच्या टाकीला शौकीन मंडळी ‘संप’ म्हणतात.

पाण्याचे एकूण प्रमाण जितके जास्त, तितके त्याचे तापमान आणि क्षारता स्थिर राहते. समुद्राच्या पाण्याची क्षारता हजार भागांत सुमारे ३५ भाग असते. प्रवाळांना ती स्थिर लागते, तसेच २५ ते २७ अंश सेल्सिअस तापमानही लागते. लहान घरात एक प्रचंड टाकी मावत नाही. पण छोट्या टाक्या एकमेकींना जोडल्या तर त्या सर्वांचे पाणी मिळून एक मोठा साठा तयार होतो. मुख्य टाकी शोभेसाठी, दुसरी समुद्री शेवाळ वाढवून पाण्यातील नायट्रेट व फॉस्फेट शोषण्यासाठी, तिसरी प्रवाळांच्या लहान तुकड्यांची रोपवाटिका म्हणून आणि चौथी खालची, यंत्रसामग्रीसाठी, अशी विभागणी करता येते.

या सोयीला एक किंमत आहे. पाणी एक झाले म्हणजे रोगही एक झाला. त्यामुळे नव्याने आणलेले मासे वेगळे ठेवण्याची टाकी या जोडणीत कधीही घेऊ नये. माशांच्या परजीवींवर तांबेयुक्त औषधे वापरली जातात आणि तांबे प्रवाळ, कोळंबी, गोगलगाय यांसारख्या अपृष्ठवंशीय जीवांना मारक असते. विलगीकरणाच्या टाकीचा पाइप, पंप आणि जाळीदेखील स्वतंत्र असावी.

जागा आणि वजन

समजा, मुख्य टाकी ९० × ४५ × ४५ सेंटिमीटर, शेवाळाची टाकी ६० × ३० × ३०, रोपवाटिका ६० × ४५ × २५ आणि खालची टाकी ७५ × ४० × ४० सेंटिमीटर आहे. काठाची मोकळी जागा, खडक आणि वाळू वजा जाता या रचनेत सुमारे ३०० लिटर पाणी राहते. म्हणजे पाण्याचेच वजन ३०० किलोंहून थोडे अधिक. काच, खडक आणि लोखंडी मांडणी मिळून हा भार साडेचारशे किलोंच्या पुढे सहज जातो.

भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागानुसार निवासी खोल्यांची जमीन दर चौरस मीटरला दोन किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने २०० किलो भार गृहीत धरून आखली जाते. हा आकडा संपूर्ण खोलीभर पसरलेल्या भाराचा असल्याने तो ओलांडला की जमीन खचेल, असे नव्हे. परंतु जड टाकी खोलीच्या मध्यभागी न ठेवता तुळईवर उभ्या असलेल्या भिंतीलगत ठेवावी आणि इमारत जुनी असल्यास स्ट्रक्चरल इंजिनीअरचा सल्ला घ्यावा. न्हाणीघर जवळ असलेली भिंत मिळाल्यास पाणी बदलणे सोपे होते.

माळेसारखी की फांद्यांसारखी?

टाक्या जोडण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिलीत पाणी एका टाकीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत आणि शेवटी खालच्या टाकीत उतरते. यात पाइप कमी लागतात. पण सर्व प्रवाह प्रत्येक टाकीतून जातो. शेवाळाला संथ पाणी हवे असते आणि मुख्य टाकीला भरपूर, या दोन्ही गरजा एकाच माळेत भागत नाहीत. शिवाय मधली एक टाकी धुण्यासाठी बंद करायची म्हटली की सगळेच बंद पडते.

दुसऱ्या पद्धतीत पंपातून निघालेल्या एका मुख्य पाइपला फांद्या फुटतात. प्रत्येक टाकीला स्वतंत्र फांदी, फांदीवर स्वतंत्र व्हॉल्व्ह आणि प्रत्येक टाकीतून खालच्या टाकीत उतरणारा स्वतंत्र निचऱ्याचा पाइप. घरगुती रचनेसाठी हीच पद्धत श्रेयस्कर. भविष्यात चिलर किंवा आणखी एखादे उपकरण जोडायचे झाल्यास उपयोगी पडावी म्हणून मुख्य पाइपवर एक जादा फांदी व्हॉल्व्ह लावून बंद ठेवावी.

एकाच पातळीवरच्या दोन टाक्या काठावरून टाकलेल्या उलट्या नळीने जोडण्याचा मोह मात्र टाळावा. या वक्रनलिकेच्या माथ्यावर हवेचे बुडबुडे साचतात, एक दिवस प्रवाह तुटतो आणि पंप चालू असल्याने एक टाकी वाहू लागते. काचेला छिद्र पाडून पक्की जोडणी करणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

वीज गेली तर?

प्रत्येक आराखड्याने दोन प्रश्नांची उत्तरे द्यायला हवीत. पहिला प्रश्न : वीज गेली तर पाणी कोठे जाईल?

पंप थांबताच वरच्या टाक्यांतील पाणी सांडव्याच्या काठापर्यंत उतरते. पंपाच्या पाइपमधूनही पाणी उलटे खाली येते आणि पाइपचे टोक उघडे पडेपर्यंत हा उलटा प्रवाह थांबत नाही. टोक पृष्ठभागाच्या जेमतेम खाली असेल आणि पातळी एकूण अडीच सेंटिमीटर उतरत असेल तर वरील उदाहरणात मुख्य टाकीतून सुमारे १०.१ लिटर, शेवाळाच्या टाकीतून ४.५ आणि रोपवाटिकेतून ६.८ लिटर पाणी खाली येईल. २५ मिलिमीटर व्यासाच्या पाइपमध्ये दर मीटरला अर्धा लिटर पाणी मावते. पाइप आणि सांडव्याच्या कप्प्यांचे मिळून साडेचार लिटर धरले तर बेरीज २६ लिटर होते. खालच्या टाकीत त्यामुळे पातळी सुमारे ८.७ सेंटिमीटर वर चढेल. ही टाकी ४० सेंटिमीटर उंच आहे. चालू स्थितीत तिच्यात २५ सेंटिमीटर पाणी ठेवले तर १५ सेंटिमीटर, म्हणजे ४५ लिटर जागा शिल्लक राहते आणि जमीन कोरडी राहते.

आता मुख्य टाकीतील त्याच पाइपचे टोक दहा सेंटिमीटर खोल बुडवले आहे असे समजा. एकट्या मुख्य टाकीतून ४०.५ लिटर पाणी उतरेल, बेरीज ५६ लिटरच्या पुढे जाईल आणि ११ लिटर खारे पाणी फरशीवर येईल. पाइपच्या टोकातील साडेसात सेंटिमीटरचा फरक एवढा महाग पडतो.

यावर उपाय म्हणून एकदिशा व्हॉल्व्ह बसवला जातो. परंतु खाऱ्या पाण्यात त्याच्या झडपेवर चुन्याचा थर बसतो, एखादी लहान गोगलगाय अडकते आणि ऐन वेळी झडप मिटत नाही. तो असावा, पण त्याच्या भरवशावर हिशेब करू नये. पाण्याच्या पातळीलगत पाइपला छोटे छिद्र पाडून हवा आत घेण्याची युक्ती चांगली आहे. मात्र ते छिद्र शेवाळाने बुजते. दर आठवड्याला ते साफ करावे लागते.

पाइप तुंबला तर?

दुसरा प्रश्न नेमका उलटा आहे : वीज चालू असताना निचऱ्याचा पाइप तुंबला तर?

अशा वेळी पंप आपल्या कप्प्यातील सर्व पाणी संपेपर्यंत वर ढकलत राहतो. खालच्या टाकीतील पंपाचा कप्पा २० × ४० सेंटिमीटरचा असून त्यात २० सेंटिमीटर पाणी असेल तर १६ लिटर पाणी वर जाईल. मुख्य टाकीत ते जवळपास चार सेंटिमीटर उंची घेईल. तेथे काठ तीनच सेंटिमीटर मोकळा असेल तर चार लिटर पाणी बाहेर सांडेल. पाच सेंटिमीटर असेल तर काहीच होणार नाही. लहान टाक्यांना हा हिशेब अधिक कडक लागतो. तेच १६ लिटर रोपवाटिकेत सुमारे सहा आणि शेवाळाच्या टाकीत नऊ सेंटिमीटर चढतील.

पंपाचा कप्पा लहान केला तर धोका कमी होतो. परंतु बाष्पीभवनाचा सारा परिणाम याच कप्प्यात दिसतो. दिवसाला चार लिटर पाणी उडून गेले तर या कप्प्याची पातळी पाच सेंटिमीटरने घटते. कप्पा फार लहान असल्यास पंप कोरडा चालून जळू शकतो. त्यामुळे कप्पा मध्यम ठेवून प्रत्येक टाकीला निचऱ्याचा दुसरा, राखीव पाइप देणे हा खरा उपाय होय. राखीव पाइपचे तोंड नेहमीच्या पातळीपेक्षा थोडे वर ठेवतात. त्यावर व्हॉल्व्ह कधीही बसवू नये आणि त्यात जाळीही घालू नये.

मुख्य टाकीत दोन पाइपांची रचना आवाजाच्या दृष्टीनेही सोयीची ठरते. एका पाइपवर गेट व्हॉल्व्ह बसवून तो इतका मिटवतात, की पाइप हवा न ओढता काठोकाठ पाण्याने भरून वाहतो. हवा नाही म्हणून खळखळ नाही. हवा-पाणी एकत्र उतरणाऱ्या साध्या एक इंची पाइपमधून ताशी हजार-बाराशे लिटरपेक्षा अधिक पाणी सोडले की साधारणतः घुरघुर सुरू होते आणि रात्रीच्या शांततेत ती शेजारच्या खोलीत ऐकू येते. भरून वाहणाऱ्या पाइपचे खालचे टोक पाण्यात दोन-अडीच सेंटिमीटरच बुडवावे. अधिक खोल गेल्यास वीज परतल्यावर आत अडकलेली हवा लवकर बाहेर पडत नाही.

पंपाची निवड

प्रवाह तासाला एकूण पाण्याच्या तीन ते पाच पट असला तरी पुरे. ३०० लिटरच्या रचनेत पाच पटीने ताशी १,५०० लिटर होतात. त्यातील हजार लिटर मुख्य टाकीला, ३०० रोपवाटिकेला आणि २०० शेवाळाला देता येतात. प्रवाळांना हवी असणारी लाटांसारखी हालचाल टाकीतच बसवलेल्या छोट्या पंख्यांकडून मिळवावी. उपसा पंपावर तो भार टाकू नये.

पंपाच्या खोक्यावरील आकडा शून्य उंचीचा असतो. प्रत्यक्षात पाणी मीटरभर वर चढवायचे असते, शिवाय पाइपचे घर्षण असते. एक इंची पाइपमधील काटकोनी एल्बो पाऊण मीटर सरळ पाइपइतका अडथळा करतो. तीन मीटर पाइप आणि सहा एल्बो असतील तर पंपाच्या दृष्टीने तो साडेसात मीटरचा पाइप होतो आणि वरील प्रवाहाला आणखी पाव मीटर उंचीइतका विरोध होतो. म्हणजे सव्वा ते दीड मीटर उंचीवर ताशी १,५०० लिटर देणारा पंप हवा. उत्पादकाच्या आलेखात हा आकडा पाहावा. एल्बोऐवजी लांब वळणाचे बेंड वापरल्यास विरोध कमी होतो.

पाइप, जोड आणि काच

नळकाम करणारा कारागीर सवयीने पितळी कॉक किंवा जी.आय.चा निपल बसवतो. प्रवाळ मत्स्यालयात तो चालत नाही. पितळेत तांबे व जस्त असते आणि खारे पाणी ते हळूहळू विरघळवते. पाणी लागणारा प्रत्येक भाग प्लास्टिकचाच असावा. पिण्याच्या पाण्यासाठी असलेले पांढरे यूपीव्हीसी पाइप उत्तम. त्यांवर ‘शिसेविरहित’ असे लिहिलेले पाहून घ्यावे. पीव्हीसी पाइपांतील शिशाच्या वापरावर केंद्र सरकारने २०२१ मध्ये नियम केले आहेत. दुकानात पडून राहिलेला जुना माल घेऊ नये.

पंप, चिलर आणि प्रत्येक व्हॉल्व्हच्या शेजारी युनियन बसवावे. चिकटवलेला पाइप पुन्हा सुटत नाही. युनियन नसेल तर पंप साफ करण्यासाठीही करवत काढावी लागते. प्रवाह बारकाईने जुळवण्यासाठी गेट व्हॉल्व्ह आणि पूर्ण उघड-बंद करण्यासाठी बॉल व्हॉल्व्ह, अशी विभागणी ठेवावी.

काचेला छिद्र पाडण्यापूर्वी ती टफन्ड नाही, याची खात्री करून घ्यावी. टफन्ड काच ड्रिल लागताच चुरा होते. साध्या काचेला हिऱ्याच्या कणांचा होल सॉ लावून, पाण्याची धार सोडत, दाब न देता छिद्र पाडतात. छिद्राची कड काचेच्या कडेपासून किमान छिद्राच्या व्यासाइतकी दूर असावी. छिद्रात प्लास्टिकचा टँक निपल बसवताना रबरी वॉशर कॉलरच्या बाजूला ठेवावा आणि चकती हाताने आवळून वर पाव फेरा द्यावा. अधिक जोर लावल्यास काच तडकते.

चिकटवण्यापूर्वी सर्व पाइप कोरडे जुळवून पाहावेत आणि जोडांवर पेन्सिलीने खुणा कराव्यात. सॉल्व्हंट सिमेंट लावून पाइप पाव फेरा फिरवत आत बसवावा आणि अर्धा मिनिट दाबून धरावा. चोवीस तास वाळल्यानंतर साधे पाणी भरून दोन दिवस रचना चालवावी. या काळात मुद्दाम वीज बंद करावी, मुद्दाम निचऱ्याचे तोंड मिटवावे आणि पाणी कोठवर चढते ते टेपने मोजावे. गळती गोड्या पाण्यात सापडली तर फडक्याने पुसता येते. मासे सोडल्यानंतर सापडली तर सारे उपसावे लागते.

बाष्पीभवन, उन्हाळा आणि वीज

पाणी उडते तेव्हा मीठ मागेच राहते. त्यामुळे घट रोज गोड्या पाण्याने भरून काढावी लागते. फ्लोट लावून हे काम आपोआप होते, पण फ्लोटही अडकतो. म्हणून भरणीच्या पाण्याचा डबा लहान असावा. १५ लिटरचा डबा पूर्ण रिकामा झाला तरी ३०० लिटरची क्षारता ३५ वरून ३३.३ वर येते. जीव ते सोसतात आणि खालच्या टाकीत ते पाणी मावतेही. ६० लिटरचे पिंप रिकामे झाले तर क्षारता २९ च्या आसपास घसरते. इमारतीच्या नळाला फ्लोट थेट जोडणे हा तर प्रवाळांचा आणि शेजाऱ्यांचाही घात होय. भरणीचे पाणी आर.ओ. आणि त्यानंतर डी-आयोनायझेशन केलेले असावे. तांब्याची कांडी बसवलेल्या घरगुती शुद्धीकरण यंत्राचे पाणी वापरू नये.

मुंबई-ठाण्यात एप्रिल-मेमध्ये खोलीचे तापमान तीस अंशांच्या पुढे राहते. चिलर अनेकांना टाळता येत नाही. तो कपाटात कोंडल्यास स्वतःचीच गरम हवा ओढतो. त्याला मोकळी जागा द्यावी. विजेची फळी टँक निपलच्या खाली नसावी आणि प्रत्येक वायर फळीत शिरण्यापूर्वी खाली वळसा घेऊन वर जावी, म्हणजे वायरवरून आलेला थेंब वळशातच गळून पडतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि योग्य अर्थिंग अनिवार्य मानावे. वीज गेल्यावर काही तासांतच पाण्यातील प्राणवायू घटू लागतो. बॅटरीवरचा हवेचा पंप हाताशी ठेवावा.

कायद्याची चौकट

नळजोडणी उत्तम झाली तरी टाकीत काय ठेवायचे, यावर कायद्याचे बंधन आहे. कठीण कवचाचे सर्व प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे, अग्निप्रवाळ आणि ऑर्गन पाइप प्रवाळ यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. समुद्री घोड्यांनाही ते लागू आहे. अशा गुन्ह्यासाठी तीन ते सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यातून किंवा अन्य किनाऱ्यावरून प्रवाळाचा मृत तुकडा उचलणेही त्यामुळे महागात पडू शकते. कृत्रिम सच्छिद्र खडक वापरावेत. परदेशी जातींच्या बाबतीत २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ चे नोंदणी नियम लागू होतात. विक्रेत्याकडे आयातीची कागदपत्रे मागावीत आणि ती नसल्यास खरेदी टाळावी.

थोडक्यात

- विलगीकरणाची टाकी मुख्य जोडणीपासून पूर्णतः वेगळी ठेवावी.
- प्रत्येक टाकीला पाण्याची स्वतंत्र फांदी आणि निचऱ्याचा स्वतंत्र पाइप द्यावा.
- राखीव निचऱ्यावर व्हॉल्व्ह बसवू नये.
- परतीच्या पाइपचे टोक पृष्ठभागाच्या जेमतेम खाली ठेवावे.
- पितळ, तांबे आणि जी.आय. वर्ज्य मानावे.
- मासे आणण्यापूर्वी वीज बंद करून आणि निचरा मिटवून चाचणी घ्यावी.

खालच्या टाकीवर चालू स्थितीतील पाण्याची कमाल पातळी एका ठळक रेषेने दाखवून ठेवावी. घरातील कोणीही, शौकीन गावी गेला असतानाही, त्या रेषेकडे पाहून पाणी जास्त झाले की कमी हे सांगू शकेल. तेवढी एक रेघ अनेक रात्रींची झोप वाचवते.